मेंढक्याची शेवटची बातमी

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी आता पुसट होत चालल्या आहेत. काही आरोपींचे चेहरे आठवतात तर नावं आठवत नाहीत, काहींची कलमं आठवतात तर चेहरे नाहीत. पण एका बाईने ठाण्यात येऊन आपल्या हरवलेल्या मुलाचं जे वर्णन दिलं होतं, ते मला अजून शब्द न् शब्द आठवतं. नावं कुणाचीच सांगणार नाही. ती सांगितल्याशिवायही गोष्ट पुरी होते.

निवृत्तीआधीची माझी शेवटची नेमणूक भोकरदन तालुक्यातल्या एका ठाण्यात होती. मिरचीचा हंगाम चालू होता. ठाण्यासमोरून मिरच्यांच्या गाड्या जायच्या आणि सकाळच्या हजेरीला उभे असलेले निम्मे कर्मचारी शिंकत असायचे. त्या दिवशी हजेरी आटोपून मी टपाल चाळत बसलो होतो. बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर धावड्याच्या बाजूची एक पन्नाशीची बाई उभी होती. मेंढपाळाच्या घरची असावी हे तिच्या खांद्यावरच्या घोंगडीवरून कळत होतं. "माझं पोरगं चोरून नेलं," एवढं ती सांगत होती.

आमचा हवालदार जुना माणूस. त्याने पेन उघडलं आणि शिरस्त्याप्रमाणे विचारायला सुरुवात केली.

"वय काय मुलाचं?"

"ईस सरलं."

"कधीपासून दिसत नाही?"

"परवाच्या सकाळधरनं."

"अंगावर काय होतं?"

"लाल टोपी. हिरवा कोट, खिशाखिशाचा. पाठीला ही मोठी बॅग."

"हातात काही होतं का?"

"बंदूक."

हवालदाराचं पेन थांबलं. "कसली बंदूक?"

"मोठी. दोन हातानं धरायची."

हवालदार असा काही धावत माझ्या खोलीत आला की सलाम करायचाही विसरला. सशस्त्र तरुण, लाल टोपी, परवापासून फरार. मीही खुर्चीतून उठलो. बिनतारीवरून संदेश गेला, अजिंठ्याकडच्या रस्त्याला नाकाबंदी लागली आणि गस्तीची गाडी बसस्टँडकडे पळाली. मग मी त्या बाईला आत बोलावून पाणी दिलं आणि विचारलं, "मावशी, त्याला शेवटचं कुठं पाहिलं तुम्ही?"

तिने कमरेची पिशवी सोडली, त्यातून फडक्यात गुंडाळलेला एक मोबाईल काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"हितं," ती म्हणाली. "रोज हितंच उभा राहतो."

आमच्या ठाण्यात तिशीतली एक महिला शिपाई होती. चुणचुणीत, जिभेची तिखट. मी तिला हाक मारली. तिने मोबाईल हातात घेतला, दोनतीन ठिकाणी बोट लावलं आणि तिचा चेहरा बदलला.

"सर, ही गेमची आयडी आहे," ती हळूच म्हणाली. "लढाईचा गेम असतो ना, पोरं खेळतात तो. यांच्या मुलाची आयडी दुसऱ्या कुणीतरी उघडलीय, म्हणून इथली बंद झालीय."

"मग मुलगा कुठं आहे?" मी विचारलं.

बाईने माझ्याकडे पाहिलं. मला हे ठाऊक नाही याचंच तिला नवल वाटलं असावं.

"तो तं गेला की सायेब. अंधारात ट्रॉली उभी व्हती रस्त्यावर, तिच्यावर गाडी गेली. दुसरं वर्स सरत आलं."

तेवढ्यात बिनतारीवर गस्तीच्या गाडीचा उत्साही आवाज आला. लाल टोपीवाला सापडला होता. पाठीला बॅगही होती. बॅगेत क्लॅरनेट निघाली होती आणि तो लग्नाच्या बँडातला वाजवणारा होता. आपण उशिरा पोचलो तर वरात अडेल म्हणून तो पोलिसांशी वाद घालत होता. मी त्याला सोडायला सांगितलं आणि नाकाबंदी उठवली. एरवी मी हवालदाराची चांगली खरडपट्टी काढली असती. पण बाईने एक शब्द खोटा सांगितला नव्हता आणि हवालदाराने एक शब्द चुकीचा लिहिला नव्हता.

मग तिने सगळं नीट सांगितलं. अपघात झाला त्या दिवशी मुलगा मोबाईल घरी चार्जिंगला लावून गेला होता. तेवढा एक मोबाईल वाचला. दिवसकार्य झाल्यावर एकदा तिने तो उघडला, तर बोट लागून गेम सुरू झाला. सुरुवातीलाच आपला खेळाडू पडद्यावर उभा असतो. खेळा न खेळा, तो उभा राहतो, श्वास घेतो, इकडंतिकडं पाहतो, मधूनच एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकतो.

"माझं पोरगं असंच उभं राह्यचं मेंढरामागं," ती म्हणाली. "पाय बदलून बदलून. म्या म्हणायचे, बस की रं जरा. बिलकुल बसायचा न्हाई."

मुलाने गेममध्ये स्वतःचं नावच 'मेंढका', म्हणजे मेंढरं राखणारा, असं ठेवलं होतं. तिने त्या मोबाईलचा रिचार्ज बंद पडू दिला नव्हता. रोज सकाळी मेंढरं सोडण्याआधी ती गेम उघडायची, त्याला पाहायची आणि बंद करायची. खेळ कसा असतो हे तिला आजही ठाऊक नाही. तिच्या लेखी तो देव्हारा होता, असं मी म्हणालो असतो. पण देव्हाऱ्यातला देव पाय बदलत नाही.

"मंग परवा त्याच्यातूनच आवाज आला," ती सांगू लागली. "मेंढक्या, कुठं गेल्तास रे इतके दिवस? मला वाटलं दोस्त हाय त्याचा. म्या म्हणलं, बाबा, मी त्याची आई हाय. तर तो हसला. म्हणला, बरं आई, आयडी बंद पडून राह्यली. मोबाईलचा नंबर सांग, मंग एक कोड येईल तो सांग. म्या सांगितलं. आकडे वाचता येतात मला. तितक्यात माझं पोरगं उभं व्हतं ते गेलंच."

तिने पदराने डोळे पुसले नाहीत. सरळ माझ्याकडे पाहत म्हणाली, "सायेब, एकदा गेला तवा म्या काही करू शकले न्हाई. आता तं म्याच त्याला दुसऱ्याच्या हातात दिलं."

पोलिसाला रडणाऱ्या माणसाची सवय असते. न रडणाऱ्याची होत नाही. मी अर्ज लिहून घ्यायला सांगितलं आणि तिचेच शब्द ठेवायला सांगितले.

जालन्याला सायबरच्या अधिकाऱ्याला फोन केला. त्याने मार्ग सांगितला तो सरळ होता. कंपनीला रीतसर पत्र द्यायचं, म्हणजे ते चौकशी होईपर्यंत आयडी गोठवतात. मी लगेच मसुदा करून घेतला. टंकलेखन होईस्तोवर महिला शिपाई दारात घुटमळत उभी होती.

"काय आहे?"

"सर, रागावणार नसाल तर एक सांगते. मीपण खेळते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीच, खरंच."

"पुढं बोल."

"या गेमवाल्यांचा एक चॅनल आहे. हॅकवालेपण त्यातच असतात. एक जण रोज संध्याकाळी त्यावर बातम्या देतो. कोणतं अपडेट आलं, कोणता हॅक चालतोय, कुणाची आयडी कंपनीने बंद केली. आपल्याकडच्या मराठीत देतो, म्हणून भागातली सगळी पोरं ऐकतात. त्याला बातमीदार म्हणतात."

मला हसू आलं. आमच्या खात्यात बातमीदार म्हणजे आमचा माणूस. कुठं काय शिजतंय ते चहाच्या टपरीवरून आम्हाला हळूच कळवणारा. सगळी नोकरी मी बातमीदारांच्या जिवावर केली आणि शेवटच्या ठाण्यात बातमीदारावरच संशय घ्यायची वेळ आली.

तिने आदल्या संध्याकाळच्या बातम्या लावल्या. आवाज कसल्याशा ॲपने पातळ केलेला होता. पिठाच्या गिरणीचा पट्टा घासतो तसा. पण बातम्या द्यायची ढब मात्र झकास होती.

"नमस्कार मंडळी. नव्या अपडेटमध्ये नदीवरचा पूल काढून टाकलाय, लपायची जुनी जागा गेली. भिंतीपल्याडचं दाखवणारा हॅक कंपनीनं पकडलाय. आता जो वापरील त्याची आयडी कायमची जाईल. आपल्या एका गड्याची काल गेली. चार वर्सं जपलेली होती, त्याला समद्यांनी धीर द्या." मग आवाज जरा चढला. "शेवटची बातमी, मंडळी, नीट ऐका. लई दिवस ताणावर ठेवलेली एक आयडी आपल्या हाती आलीय. मेंढका! पहिल्या हंगामातली लाल टोपी, आता कुणाकडं न्हाई ती. पाणी सोडलंय. परवाच्या सामन्यात बहार बघा."

"पुन्हा लाव," मी म्हणालो.

तिने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा तिला वाटलं, साहेबांना ऐकू आलं नाही.

मला नीट ऐकू आलं होतं. ताण, पाणी सोडणं, बहार. आमच्या भोकरदनकडचा माणूस मिरची बोलतो, मका बोलतो. पडून राहिलेल्या वस्तूला 'ताणावर ठेवलेली' असं फक्त मोसंबीवाला म्हणेल. मोसंबीचं पाणी ठरवून तोडतात, झाड कोमेजेपर्यंत थांबतात, त्याला ताण देणं म्हणतात. मग पाणी सोडलं की झाड फुलतं, तो बहार. नोकरीच्या सुरुवातीला मी अंबडला एका मोसंबीवाल्याच्या घरात भाड्याने राहिलो होतो. त्या घरात सुनेच्या माहेरपणाबद्दलसुद्धा ताणाच्या भाषेत बोलायचे. तेव्हा माणूस अंबड किंवा घनसावंगीच्या पट्ट्यातला होता आणि घरी बाग होती.

आवाज बदललेला होता, म्हणून मी आवाजाच्या नादी लागलो नाही. त्या भागातल्या ओळखीच्या पोलीस पाटलांना एकेक करून फोन केले आणि एवढंच विचारलं, 'शेवटची बातमी, मंडळी, नीट ऐका' असं बोलणारा कुणी माहीत आहे का? दोघांनी नाही म्हटलं. तीर्थपुरीजवळच्या एका गावचे पाटील मात्र खो खो हसले.

"सायेब, हे तं आमचं रोजचंच हाय. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर पाणी कवा सुटणार, रेशन कवा येणार, समदं एकच पोरगं सांगतं. शेवटची बातमी म्हणल्याबिगर त्याचं तोंडच बंद होत न्हाई. काय केलं त्यानं?"

"काही नाही, बातम्या ऐकायच्या आहेत त्याच्याकडून," मी म्हणालो.

तिथल्या ठाण्याला रीतसर कळवलं, समजपत्र गेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत बापलेक आमच्या ठाण्यात हजर झाले. पोरगा बाविशीचा, इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला. शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावून आला होता. बापाच्या हातात मोसंब्यांची पिशवी. "घरची हायेत सायेब," म्हणत त्याने ती टेबलावर ठेवायला घेतली. मी ती बाहेरच्या बाकावर ठेवायला सांगितली. त्या बाकावर आमची मावशी बसलेली होती. सकाळच्या पहिल्या गाडीने ती येऊन बसली होती आणि तिला कुणी बोलावलंही नव्हतं.

पोरगा आत आला आणि सरळ नाही म्हणाला. चॅनल माहीत नाही, मेंढका माहीत नाही, मी गेमच खेळत नाही.

चौकशीच्या खोलीत आवाज चढवणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. मला ते कधी जमलं नाही, आणि त्याची गरजही फारशी पडली नाही. माणसाला त्याच्या आवडीचं काम द्यावं, तो आपोआप स्वतःसारखा वागू लागतो. मी त्या दिवशीचं वर्तमानपत्र त्याच्यापुढे सरकवलं.

"वाच."

"काय वाचू?"

"बातम्या. मोठ्याने. माझा चष्मा सापडत नाही."

चष्मा माझ्या नाकावर होता. पण त्याने वाचायला सुरुवात केली. धरणाचं पाणी, रस्त्याचं खोदकाम, कुठंतरी बिबट्या. पहिल्या बातमीला आवाज कापत होता, दुसऱ्या बातमीला सरळ झाला आणि तिसऱ्या बातमीला तर गडी रंगात आला. पानाच्या तळाशी पोचला आणि ताठ बसून म्हणाला, "शेवटची बातमी, मंडळी, नीट..."

तिथेच थांबला. महिला शिपाईने फाईल तोंडासमोर धरली. बापाने कपाळाला हात लावला.

"ऐकतोय आम्ही," मी म्हणालो.

मग त्याने कबूल केलं, पण चोरी कबूल केली नाही. "साहेब, कोड समोरच्यानं स्वतः दिला. म्या हिसकावला न्हाई. आमच्यात असंच चालतं. ज्यानं कोड दिला त्यो बावळट."

"समोरच्याने सांगितलं होतं ना, मी त्याची आई आहे?"

"आमच्यात कुणीबी कुणाची आई असतं साहेब! समदे ॲपनं आवाज काढून राह्यलेत. कुणी पोरीचा काढतं, कुणी म्हाताऱ्याचा. मीच काढतो. मला वाटलं हे कुणीतरी भारी ॲप घेतलंय. बिलकुल खऱ्यासारखा आवाज व्हता."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण तो खरं बोलत होता. दिवसभर खोट्या आवाजात राहणाऱ्याच्या कानावर खरा आवाज पडला, तर तो त्यालाच उत्तम नक्कल समजणार.

मी उठून दार उघडलं आणि म्हणालो, "मावशी, आत या. हा पोरगा आलाय, त्याच्याशी बोला."

मला वाटलं होतं, ती शिव्या देईल. निदान विचारेल की का केलंस. ती दारात उभी राहिली, त्याच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली,

"पोरा, जेवलास का?"

तो खुर्चीतून उठून उभाच राहिला. आवाज त्याने तिथल्या तिथे ओळखला होता. आधी त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. मोबाईल, माईक, काहीतरी असेल म्हणून पाहिलं असावं. हातात घोंगडीचं टोक होतं. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मोठा माणूस रडतो तसा नाही, शाळेतलं पोर रडतं तसा हुंदके देऊन रडला. मी त्याला मुलाचं काय झालं होतं ते सांगितलं. ती रोज सकाळी काय पाहायची तेही सांगितलं.

"परत देतो," तो म्हणाला आणि मोबाईल काढला. मग एकदम पांढरा पडला. "साहेब, आयडी माझ्याकडं न्हाई."

आज संध्याकाळच्या सामन्यासाठी त्याने ती चॅनलवरच्या दुसऱ्या एका खेळाडूला दिली होती. तो कोण, कुठला, काही माहीत नव्हतं. टोपणनावापलीकडे यांच्यात कुणी कुणाला ओळखत नाही. तो खेळाडू सामन्यात हॅक लावून उतरणार होता आणि फोन उचलत नव्हता.

"हॅक लावला न् कंपनीनं पकडला, तं मेंढका कायमचा जाईल," पोरगा म्हणाला. "मंग कुणालाच परत आणता येत न्हाई."

"मी कंपनीला पत्र देतोय, ते आयडी गोठवतील."

"नका साहेब!" तो जवळजवळ ओरडला. "चोरलेली आयडी हाय असं पोलिसांनी लिवलं, तं गोठवतील आन् मंग ज्याच्या नावावर हाय त्याला कागद घेऊन बोलावतील. ज्याची हाय तो कुठून येणार? त्याचं खातं बंदच करून टाकतील."

पत्र माझ्यासमोर टाईप होऊन पडलं होतं, बातमीदाराच्या शोधात सही तेवढी राहून गेली होती. नियमाने बघितलं तर ते निघायला हवं होतं. सायबरच्या अधिकाऱ्याला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, पोरगा सांगतो तसं होऊ शकतं, आपण खात्री देऊ शकत नाही. मी पत्र फाईलमध्ये ठेवलं. अर्जदाराचं जे हरवलंय ते अर्जामुळेच कायमचं जाणार असेल, तर तो अर्ज आणखी थोडा वेळ फाईलमध्ये पडला तरी चालतं, असं मी ठरवलं. मावशी दाराशी उभी राहून एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. तिला अर्ध्या गोष्टी कळत नव्हत्या, पण पोरगं अजून सापडलं नाही एवढं कळत होतं.

"तू बातमीदार आहेस ना?" मी पोराला म्हणालो. "मग बातमी दे."

"आत्ता? दुपारच्याला कुणी ऐकत न्हाई."

"तू दे तर खरी. ते आवाज बदलायचं ॲप मात्र बंद कर. तुझ्या आवाजात दे."

त्याने बापाकडे पाहिलं. बाप म्हणाला, "सांग की. गावाला सांगतोस तं ह्यांनाबी सांग."

माझ्या खोलीतला पंखा बंद केला. बाहेर हवालदार येणाऱ्याजाणाऱ्याला गप्प करत होता. पोराने मोबाईल तोंडाजवळ धरला. आयुष्यभर मी जबाब नोंदवले, पण इतक्या शांततेत कुणी बोललेलं मला आठवत नाही.

"मंडळी, मी बातमीदार. हा माझा खरा आवाज हाय. आज एकच बातमी हाय, नीट ऐका. मेंढक्याची आयडी चोरीची हाय. म्याच चोरली. मेंढका वारला. त्याची आई रोज सकाळी मेंढरं सोडायच्या आधी ती आयडी उघडून त्याला बघती. तिला खेळता येत न्हाई. नुसतं बघती. मला तिनं सांगितलं व्हतं की मी आई हाय, मला खोटं वाटलं. ती आत्ता माझ्यासमोर उभी हाय. तिनं मला विचारलं, जेवलास का." इथे त्याचा आवाज फुटला. "ज्याच्याकडं आयडी हाय त्यानं सामन्यात उतरवू नका. हॅक लावू नका. हात जोडतो. जल्दी परत करा."

त्यानंतर आम्ही वाट पाहिली. मग एकाने विचारलं, खरं आहे का ही गंमत? दुसऱ्याने लिहिलं, बातमीदाराचा आवाज असा आहे होय! मग कुणीतरी लिहिलं, 'मी मेंढक्याबरोबर खेळलोय, गडी चांगला होता, स्वतः मरायचा पण साथीदाराला उचलून आणायचा.' महिला शिपाई एकेक ओळ मावशीला वाचून दाखवत होती. या ओळीला मावशीने तिचा हात धरला.

"पुन्यांदा वाच," ती म्हणाली.

मुलगा घराबाहेर कसा होता, हे आईला फार क्वचित कळतं. तिला ते आमच्या ठाण्यात, न पाहिलेल्या माणसांकडून कळत होतं. एकामागून एक येत होते. कुणी त्याला भाऊ म्हणत होतं, कुणी म्हणत होतं की तो हाका मारून सगळ्यांना असा गोळा करायचा की हसू यायचं. तशी हाक तिने माझ्या खोलीत एकदा मारून दाखवली. मेंढरं वळवायची हाक होती ती.

चहा आला आणि कुणी न पिता गार झाला. आणि मग पोराच्या मोबाईलवर तो निरोप आला. नाव नाही, गाव नाही. 'आईंना सांगा, एकही मॅच खेळलो नाही. टोपी बदलली होती, ती परत घातली. कोड पाठवतो.'

महिला शिपाईने मावशीच्या मोबाईलवर कोड टाकला. पोलीस भरतीच्या मैदानात तिने कधी इतका जीव लावला नसेल. गोल चक्र फिरत राहिलं. मग पडदा उजळला.

लाल टोपी. हिरवा कोट, खिशाखिशाचा. पाठीला मोठी बॅग. दोन हातांनी धरायची बंदूक. हवालदाराने लिहून घेतलेलं वर्णन तंतोतंत जुळत होतं. त्याने इकडंतिकडं पाहिलं आणि पाय बदलला.

मावशीने पडद्यावर बोट ठेवलं. "आलास का बाबा," एवढंच म्हणाली. आणि मग मात्र ती रडली. अर्ज लिहिताना रडली नव्हती, मुलाचं मरण सांगताना रडली नव्हती, ती आता रडली. मीही खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. मिरच्यांच्या गाड्या जातच होत्या, त्यामुळे मला कुणी काही विचारलं नाही.

गुन्हा नोंदवायचा की नाही, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. मावशीने जबाब दिला की वस्तू परत मिळाली, तक्रार नाही. मी "वस्तू" लिहायला लावलं तेव्हा ती म्हणाली, "वस्तू नका लिवू." मग "मुलगा" लिहिलं. वरिष्ठांनी तो जबाब वाचून मला फोन केला होता. मी त्यांना समक्ष येऊन सांगतो म्हणालो, आणि ते ऐकून त्यांनीही शेरा मारला नाही. पोराने आणखी ज्यांच्या आयड्या लाटल्या होत्या, त्या सगळ्या त्याला आमच्यासमोर परत करायला लावल्या. चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून घेतली आणि बापासमोर जे सुनावायचं ते सुनावायला घेतलं. तेवढ्यात मावशीने बाकावरच्या पिशवीतली एक मोसंबी सोलून त्याच्या हातात दिली. साहेबाचं सुनावणं चालू असताना तो मोसंबी खात होता. त्यापुढे माझ्या बोलण्याला काय जोर राहणार!

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नवे अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो की माणूस हरवला आहे की नाही, हे आपल्या रजिस्टरने ठरवू नका. आलेल्या माणसाला ठरवू द्या आणि त्याचेच शब्द लिहा. आणखीही एक सांगावंसं वाटतं, पण ते प्रशिक्षणात बसत नाही. इतकी वर्षं खाकीत काढून मी ज्यांना टवाळ, रिकामटेकडे, मोबाईलमध्ये तोंड घातलेले म्हणत आलो, त्यांच्यातल्या एकाने स्वतःचा खरा आवाज काढला आणि बाकीच्यांनी तो ऐकला. मला त्या पोरांविषयी माया वाटते. ही गोष्ट मी घरीसुद्धा एवढ्या मोकळेपणाने बोललो नव्हतो.

आता मी निवृत्त आहे. गेम मला येत नाही आणि शिकायचाही नाही. पण महिला शिपाईने माझ्या मोबाईलवर तो चॅनल लावून दिला आहे. बातमीदार आता स्वतःच्या आवाजात बोलतो. हॅकच्या बातम्या कमी झाल्या आहेत. कोड कुणाला सांगू नका, समोरचा आई म्हणाला तरी सांगू नका, हे मात्र तो रोज बजावतो. मोठं अपडेट आलं की तीर्थपुरीहून गाड्या बदलत धावड्याकडे जातो, मावशीचा मोबाईल नीट करून देतो आणि येताना जेवून येतो. मोसंब्या नेतो, मिरच्या आणतो.

मध्यंतरी एका संध्याकाळी बातम्या आल्या नाहीत. मी दोनदा मोबाईल बघितला. बायको म्हणाली, "ठाण्यातून फोन यायचाय का?" मी नाही म्हणालो, पण जेवणावरून मन उडालं. दुसऱ्या संध्याकाळी बातमीदाराचा आवाज आला. काल कंपनीचा सर्व्हर बंद होता, असं त्याने सांगितलं. अपडेट सांगितलं, कुणाची आयडी गेली ते सांगितलं. मग रोज जिथे थांबतो तिथे थांबला. ती बातमी ऐकायला धावड्याच्या माळावर मेंढरांमागे एक बाई मोबाईल कानाला लावून उभी असते, हे मला ठाऊक होतं.

"शेवटची बातमी, मंडळी, नीट ऐका. मेंढका उभा हाय. बराबर उभा हाय. आई, तुम्ही आता जेवून घ्या."

मीही मग ताट वाढायला सांगितलं.